बटण दाराबाहेर न्यायचं नाही

यावर तुमचा विश्वास बसणार नाही, हे आधीच सांगून टाकतो. बसला तर मलाच तुमची काळजी वाटेल. ही हकीकत मी न्हाव्याला सांगितली, तर तो अर्धी दाढी तशीच टाकून हसायला बाहेर गेला. दाताच्या डॉक्टरला सांगितली, म्हणजे तोंडात नळी असताना जेवढी सांगता येते तेवढी, तर त्यानं माझा चांगला दात उपटला. आणि तरी ती अक्षरन् अक्षर खरी आहे. साक्षीदार इथं, याच खोलीत बसलेत. ती माझी ताई, टेबलापाशी चष्म्याची काच घासतेय; मी बोलायला लागलो की तिला नेमकं काम सुचतं. तिच्या शेजारच्या खुर्चीत भाऊजी, खिडकीतून आभाळाकडे बघत. आणि ही माझी भाची, या दोघांची मुलगी. तिनं मघाशीच सांगितलंय, "मामा, थोडक्यात सांग." थोडक्यात सांगायला मी काय औषधाच्या बाटलीवरची चिठ्ठी आहे?

"गेल्या वेळी तू म्हणालास की इंटरनेट तू वाचवलंस," भाची म्हणाली.

"गेल्या वेळी मी नम्रपणे बोललो होतो."

तर त्या काळी मी एका कंपनीत तारा ओढायचो. कंपनी म्हणजे सायकल दुरुस्तीच्या दुकानावरची एक खोली, एक शिडी, मी आणि मालक. आसपासच्या गल्ल्यांना आम्ही इंटरनेट पुरवायचो. मालकांना सगळे काटकसरी म्हणायचे. माणूस इतका चिकट की शिंक आली तर अर्धी उद्यासाठी ठेवायचा.

आता इंटरनेटवर प्रत्येक घराला एक नंबर लागतो, दाराला लागतो तसा. बाहेरच्या जगातून तुमच्याकडे काही यायचं असेल तर ते त्या नंबरावर येतं. हे नंबर ज्यांनी पहिल्यांदा मोजून ठेवले त्यांचा हात जरा आखडता होता, आणि एके दिवशी नंबर संपले. संपले म्हणजे चाटूनपुसून संपले. मी नंबरांच्या कचेरीत गेलो तर तिथला कारकून रिकाम्या फडताळात झाडू मारत होता. फटीत एक अख्खा तीन आणि अर्धा सात सापडला. ते त्यानं मला लांबूनच दाखवले आणि खिशात टाकले.

नवे, लांबलचक नंबर येणार होते. इतके मुबलक की प्रत्येक घराला, घरातल्या प्रत्येक चमच्याला आणि चमच्यातल्या साखरेच्या प्रत्येक कणाला एकेक देऊन वर उरावेत. पण त्यासाठी सगळ्या जगानं जुन्या नंबरांतून नव्या नंबरांत बिऱ्हाड हलवायचं होतं. बिऱ्हाड हलवणं कसं असतं ते तुम्ही जाणता. पहिली गाडी भरून गेली की उरलेली माणसं खोक्यांवर बसून चहा पितात.

तोवर करायचं काय? मालकांनी मार्ग काढला.

"सगळ्यांचे नंबर काढून घे. एकच ठेव. सगळे मिळून वापरतील. एक टॉवेल चार भावांना पुरतो की नाही?"

"पुरतो मालक. पण ही चारशे घरं आहेत."

"मग मोठा टॉवेल घे."

टॉवेल सगळे एकाच मापाचे असतात हे त्यांना कोण सांगणार? मी एक नंबर ठेवला. कोणता? ताईचा. सख्ख्या बहिणीचा म्हणून तेवढा एकच पाठ होता. आणि इथंच माशी शिंकली.

कारण ताईच्या त्या नंबरावर रोज दुपारी एका माणसाचा फोन यायचा. हा माणूस दीपगृहवाला. समुद्रात पार आत एक खडक, खडकावर दीपगृह, दीपगृहात हा एकटा. जवळचं दिसेनासं झालं म्हणून त्यानं ताईच्या चष्म्याच्या दुकानातून चष्मा करून घेतला होता. चष्मा नीट बसला की नाही हे सांगायला त्यानं एकदा फोन केला, ताईनं त्याला पडद्यावर बघितलं, आणि तेव्हापासून तो चष्मा काही नीट बसेना. कधी नाकावरून घसरायचा, कधी कानामागे टोचायचा. फोन नेहमी त्यानंच करायचा आणि ताईनं नेहमी एकच विचारायचं, "आज कुठं टोचतंय?"

"टोचायचा खरंच," भाऊजी आभाळाकडे बघत म्हणाले.

"भाऊजी, तुमची साक्ष नंतर."

दीपगृहाला नंबराची ददात नव्हती. खडकावर दुसरं घरच नाही, तर वाटून घेणार कोणाशी? पण तिथलं यंत्र जुनाट. त्याला ताईचा एक नंबर तेवढा ठाऊक होता, आणि तो आता चारशे घरांचा झाला होता.

बरं, बाहेरून एक नंबर असला तरी आतल्या बाजूला घर ओळखायला वेगवेगळे नंबर लागतातच. गल्लीच्या तोंडाशी आम्ही एक पेटी बसवली, तिला नाका म्हणायचो. नाक्यापासून घरापर्यंतच्या रस्त्याला कुठले नंबर लावायचे? मालक म्हणाले, "लोकांच्या घरातल्या राउटरवर असतात तेच लाव. ते काही कुणाकडून मागावे लागत नाहीत." आता गंमत बघा. कुठल्याही घरातला राउटर घ्या, आपल्या टीव्हीला, प्रिंटरला, दिव्याला तो तेच ते ठरलेले नंबर देतो. माझ्याकडे तेच, तुमच्याकडे तेच. चार भिंतींच्या आत आहेत तोवर कुणाचं काही बिघडत नाही. आम्ही तेच नंबर भिंतींबाहेर रस्त्यालाही चिकटवले. राउटरच्या पुढच्या दाराला जो नंबर, तोच मागच्या दाराला. त्या बिचाऱ्याला आत कुठलं आणि बाहेर कुठलं हेच कळेनासं झालं.

मग जे झालं ते झालं. निवृत्त न्यायाधीशांनी वाचनाचा दिवा मालवला की पलीकडच्या गल्लीत पियानो शिकवणाऱ्या बाईंचा ओव्हन पेटायचा. दाताच्या डॉक्टरनं दाढेचा एक्स-रे छापायला सोडला, तो बेकरीच्या प्रिंटरमधून बाहेर पडला. बेकरीवाल्याला वाटलं, नवीन नमुना आला. त्यानं तसा साचा करून दाढेच्या आकाराची बिस्किटं काढली. ती इतकी कडक आणि इतकी खपली, की डॉक्टरच्या दारात रांग लागली. एका घरातल्या वजनकाट्यानं दुसऱ्या घरातल्या म्हशीसारख्या कुत्र्याचं वजन एका बाईंच्या नावावर सांगितलं. त्यांच्या यजमानांनी "असं होय!" एवढंच म्हटलं, आणि त्या घरात पुढं कितीतरी दिवस कुणी कुणाशी बोललं नाही.

"आणि दीपगृहवाल्याचा फोन?" भाचीनं विचारलं. तिला आपल्या बापाचं पडलेलं.

तो मिळेल त्या घरात जाऊन पडायचा. पहिल्यांदा पडला न्यायाधीशांकडे. पडद्यावर एक दाढीवाला माणूस आला आणि म्हणाला, "आज वारा पश्चिमेचा. डाव्या कानामागे टोचतंय."

न्यायाधीश म्हणाले, "पुढं बोला." सवय, दुसरं काय.

दुसऱ्या दिवशी पियानोच्या बाईंकडे. त्यांनी त्याला आधी ताठ बसायला लावलं. मग बेकरीत. बेकरीवाल्यानं खडकावरच्या एकटेपणाची कहाणी ऐकून इतकी टिपं गाळली की त्या दिवशी पिठात मीठ घालावं लागलं नाही. आणि हा सभ्य गृहस्थ! समोर कोणीही येवो, हा हवामान सांगायचा, कुठं टोचतंय ते सांगायचा आणि नमस्कार करून फोन ठेवायचा. त्याला वाटायचं, चष्मेवालीचं घराणं मोठं आहे, एकेकाची ओळख करून देतायत.

"मला वाटलं होतं तसं," भाऊजी म्हणाले.

ताईनं इकडून फोन लावून बघितला नाही असं नाही. पण तिच्या राउटरला बाहेर जायची वाटच सापडेना. दीपगृहाला फोन लावला की तिच्याच स्वयंपाकघरातला दिवा लुकलुकायचा. दीपगृहाचं एवढंच तिच्या वाट्याला आलं.

मग एका दुपारी दीपगृहवाला पुन्हा न्यायाधीशांकडे पडला. आज त्यानं वाऱ्याचं नाव काढलं नाही. म्हणाला, "इथला दिवा आता आपोआप लागणार. माणूस नकोसा झालाय. मला दोन जागा देऊ केल्यात. एक आणखी लांबच्या खडकावर, तिथं तार पोचत नाही. दुसरी तुमच्या बंदरात, किनाऱ्यावर. सामानाची बोट येईल तिच्याबरोबर उत्तर द्यायचंय. त्याआधी मला एक प्रश्न विचारायचाय."

"विचारा," न्यायाधीश म्हणाले.

"तुम्हाला नाही हो."

न्यायाधीश सपाता घालूनच ताईच्या दुकानात धावत आले आणि सगळं जसंच्या तसं सांगून गेले. ताईनं हातातली काच खाली ठेवली, मला बोलावून घेतलं आणि माझ्या नाकावरचा चष्मा काढून खणात टाकला.

"हे तू करून ठेवलंयस, तूच निस्तरायचं. बोट यायच्या आत मला त्या माणसाशी बोलायचंय. तोवर चष्मा मिळणार नाही."

चष्म्याशिवाय मला शिडीची पायरीसुद्धा दिसत नाही. ती घेऊन तिसऱ्या गल्लीपर्यंत मी चाचपडत गेलो आणि एका घोड्याला शिडी लावली.

"मामा, आपल्या गावात घोडा कुठला?"

"मला दिसत नव्हतं म्हणतोय ना! घोडाच असेल असं मी कुठं म्हटलं?"

नशीब म्हणा, त्याच सुमारास नंबरांच्या कचेरीनं सगळ्या इंटरनेट कंपन्यांची सभा बोलावली. आमच्यासारखा गोंधळ घरोघरी चालला होता. ताईनं तेवढ्यापुरता चष्मा परत दिला. वर सांगितलं, "येताना शिंप्याकडून बटणांची पिशवी घेऊन ये. उरलीसुरली आहेत, एकासारखं दुसरं नाही. माझ्या कोटाला लागेल ते मी निवडेन." सभेच्या वाटेवरच शिंपी, म्हणून मी पिशवी जातानाच उचलली. ती लक्षात ठेवा.

सभा एका मोठ्या हॉटेलात होती. बाहेर हाडं गोठवणारी थंडी. मी शिडी खांद्यावर घेऊन आत शिरलो, तर हॉटेलवाल्यांना मी त्यांचाच माणूस वाटलो. कोट ठेवायच्या खिडकीवरचा गडी तापानं पडला होता. त्यांनी मला तिथं उभं केलं. समोर कोटांची ही रांग, आणि कोटांचे बिल्ले कुठं ठेवलेत ते कुणालाच ठाऊक नाही. माझ्या मागं खोल्यांच्या किल्ल्यांचे जादा बिल्ले टांगलेले होते, छान नंबर घातलेले. मी तेच वाटले. हाताशी आहेत ना नंबर, मग वापरा! ही चूक करायला आमच्याच धंद्यातला माणूस लागतो.

तासाभरात हॉटेल उलटंपालटं झालं. चार नंबरचा बिल्ला घेऊन एक गृहस्थ कोट मागायला गेले, त्यांना नेऊन चार नंबरच्या खोलीत झोपवलं. त्या खोलीतलं जोडपं किल्ली द्यायला खाली आलं, त्या दोघांच्या अंगावर मिळून चार नंबरचा एक कोट चढवला आणि त्यांना थंडीत बाहेर सोडलं. सभेच्या उपाध्यक्षांनी खोलीचा बिल्ला कोटाच्या खिडकीवर दिला, तर माझ्या मदतीला दिलेल्या नव्या पोऱ्यानं बिल्ल्याप्रमाणं त्यांना खुंटीला अडकवलं. शिस्तीचा माणूस, अर्धं भाषण त्यांनी तिथूनच केलं.

आणि अध्यक्षबाई! त्या अंगावर कुणाचा तरी मासे विकायचा कोट घालून व्यासपीठावर बसल्या होत्या. मांडीवर एक गाठोडं. त्यात त्यांनी शेवटचे चाळीसेक लाख नंबर बाजूला काढून ठेवले होते. ते नंबर मिळावेत म्हणून सगळी सभा त्यांच्या अंगावर धावत होती, पण वासामुळं तिसऱ्या रांगेच्या पुढं कुणाला जाता येत नव्हतं.

"हा बिल्ल्यांचा घोळ कोणी घातला?" अध्यक्षबाईंनी दरडावलं.

मी शिडीवर चढलो. खालून कुणी ऐकलं नसतं. "मीच घातला," मी म्हणालो, "आणि आपण सगळे घरोघरी हाच घालतोय. खोलीचे नंबर खोलीत ठीक. तेच आपण खोलीबाहेर आणले म्हणून माणसाचा कोट झाला आणि कोटाचा माणूस. आता हे बघा." आणि पिशवीतून एक हिरवं बटण काढून वर धरलं. "हिरवं बटण नावाची खोली कुठल्या हॉटेलात आहे? नाही ना? मग कोट दिलात की बटण घ्या. कोट हवा की बटण द्या. फक्त बटण दाराबाहेर न्यायचं नाही, रस्त्यात कुणाला दाखवायचं नाही. पलीकडच्या हॉटेलातही हिरवं बटण असेल? असू द्या की! दोन्ही बटणं दाराच्या आतच राहिली तर ती भेटणार कुठं आणि भांडणार कशी?"

"ते गाठोडं तसं राखून ठेवा म्हणतोस?" खुंटीवरून उपाध्यक्ष.

"हो. घर ते नाका, या मधल्या रस्त्याच्या वापरासाठी."

"पण ते नंबर कोणाचे?"

"कोणाचेच नाहीत."

"कोणाचेच नाहीत ते राखायचे कोणासाठी?"

"सगळ्यांसाठी."

मग जो गलका उठला म्हणता! एक म्हणाला, "कोणाचंच नसेल तर ते माझं का नाही?" दुसरा म्हणाला, "अशानं लोक जुन्यातच पाय पसरून बसतील, नव्या नंबरांत कोणी जाणारच नाही." तिसऱ्यानं विचारलं, "ही सोय किती दिवस?"

"बिऱ्हाड हलवून होईपर्यंत."

"झालं का हलवून?" भाचीनं मध्येच विचारलं.

"होत आलंय."

"मी शाळेत होते तेव्हाही होत आलं होतं."

"तेव्हापेक्षा आता जास्त होत आलंय. ऐक."

शेवटी अध्यक्षबाई उठल्या. माशांचा कोट काढून त्यांनी माझ्या खिडकीवर ठेवला, मी बटणं वाटून सगळे कोट नव्यानं लावले, आणि पहिल्याच फेरीत त्यांना त्यांचा स्वतःचा कोट परत मिळाला. त्यांनी बाहीला नाक लावून बघितलं. डोळ्यांत पाणी आलं. "मंजूर," त्या म्हणाल्या, आणि गाठोडं सोडलं.

त्या दिवसापासून सगळ्या कंपन्यांनी मधल्या रस्त्यासाठी गाठोड्यातले तेच नंबर घेतले. आम्हीही घेतले. घराच्या आत घरचे नंबर, घर ते नाका बटणांचे, आणि नाक्याबाहेर ताईचा तो एकच जुना. राउटरांचं डोकं ठिकाणावर आलं. न्यायाधीशांचा दिवा मालवला की न्यायाधीशांकडेच अंधार व्हायला लागला. वजनकाट्याचा खुलासा झाला, पण यजमान बोलायला लागले तेव्हा बाईंनाच ती शांतता बरी वाटू लागली होती. दाढेची बिस्किटं तेवढी चालू राहिली, कारण आता डॉक्टरच त्यांची जाहिरात करत होता.

सगळ्यांचं भलं झालं. ताईचं सोडून.

कारण नाक्यावरची पेटी आता कमालीची कडक झाली होती. आतून कोणी बाहेर हाक मारली की पेटी ते ध्यानात ठेवायची, आणि तिकडून उत्तर आलं की बिनचूक त्याच घरी पोचवायची. पण बाहेरून कोणी आपणहून आलं तर? नंबर एक, घरं चारशे, हा जाणार कुणाकडे? पेटी त्याला आत घेत नसे. ज्यानं कोट दिलाच नाही त्याला कोट कुठला देणार? साधा हिशेब.

दीपगृहवाला रोज दुपारी फोन करत होता आणि नाक्यावरच आपटून परत जात होता. आता तो न्यायाधीशांकडे जाईना, बेकरीत जाईना. बेकरीवाल्याला पुन्हा मीठ घालावं लागलं. ताई यंत्रासमोर बसून एकच काच पुसत होती. इतकी पुसली की जाड भिंगाची काच खिडकीच्या काचेसारखी पातळ झाली.

"आधी निदान गल्लीत तरी यायचा," ती म्हणाली. "तुझ्या बटणांनी तेवढाही ठेवला नाही." आणि माझा चष्मा पुन्हा खणात गेला.

बंदरावरून निरोप आला की सामानाची बोट दीपगृहाकडे निघालीय. ती खडकाला लागली की दीपगृहवाला उत्तर देणार, आणि ताईकडून काही कळलं नाही तर जाणार तारेपलीकडच्या खडकावर, कायमचा.

आता माझा पराक्रम ऐका. मी शिडी घेतली, चाचपडत नाक्यावर गेलो, पेटीचं झाकण उघडलं आणि कमरेपर्यंत आत शिरलो. आत काय गर्दी! तारांचं जंगल, हिरवे दिवे, आणि त्या सगळ्याच्या पार कोपऱ्यात भाऊजींचा प्रश्न उभा. ओलाचिंब, मिठानं पांढरा पडलेला, शेवाळ लागलेला. चष्म्याशिवायही मी तो ओळखला, वासावरून. मी त्याचं बोट धरलं, पेटीला म्हटलं, "हा आमच्या घरचा आहे," आणि त्याला थेट ताईच्या यंत्रापर्यंत आणून सोडलं. पडदा उजळला. दाढीवाला माणूस, नाकावर चष्मा, मागं समुद्र. घसा खाकरून त्यानं विचारलं, "माझ्याशी लग्न कराल का?" आणि ही माझी ताई, जिनं आयुष्यात कुणापुढं मान खाली घातली नाही, ती लाजून लाल झाली, हातातल्या काचेआड तोंड लपवलं आणि अगदी हळू आवाजात...

"खोटं!"

ताईनं काच टेबलावर आपटली होती.

"काय खोटं?" मी म्हणालो. "पियानोवालीचा ओव्हन?"

"ओव्हन पेटायचा. बिस्किटं मी खाल्लीयत, हा दात त्यातच गेला. उपाध्यक्षांना टांगलंही असेल, मला माहीत नाही. पण हे धडधडीत खोटं आहे. तुझी पेटी बाहेरच्याला आपणहून आत सोडत नव्हती ना? आत्ताच म्हणालास. मग यांचा प्रश्न आत आला कसा?"

मी चष्मा काढून पुसायला घेतला.

"लाजले म्हणे! हा तिकडं पेटीत पाय वर करून अडकला होता, बोट खडकाला लागत होती. वाट कुणाची बघायची? मी इकडून फोन लावला आणि सरळ विचारून टाकलं."

भाची खुर्चीतल्या खुर्चीत वळली. "बाबा? आईनं विचारलं?"

भाऊजींनी आभाळावरची नजर काढली, चष्मा नाकावर नीट बसवला आणि ताईकडे बघितलं.

"मी नुसतं उत्तर दिलं," ते म्हणाले. "ते मात्र बरोबर घरी पोचलं."